कॅशमिअर घरी धुण्याचं सामान: कशावर खर्च करावा आणि काय दुकानातच राहू द्यावं

कॅशमिअरचा स्वेटर घेतला की त्याच्या मागे सामानाची शेपूट लागते. खास शाम्पू, जाळीची पिशवी, कंगवा, गोळे काढायचं यंत्र, वाळवायची जाळी, देवदाराचे ठोकळे, आटलेला स्वेटर सैल करणारी बाटली. यातल्या तीन वस्तू खरंच लागतात, दोन असल्या तर बऱ्या आणि उरलेल्या कपाटात जागा अडवतात. एक वस्तू तर अशी आहे, की ती घरात असेल तर स्वेटरपासून लांबच ठेवावी.

कुठली वस्तू कुठल्या खात्यात जाते हे ठरवतो तो तंतू. कॅशमिअर म्हणजे बकरीच्या अंगावरच्या राठ केसांखालची लव. तिची जाडी साधारण १४ ते १९ मायक्रॉन असते. सरासरी १९ मायक्रॉनच्या वर गेली तर अमेरिकेतल्या कायद्याप्रमाणे त्या मालावर कॅशमिअर असं लेबल लावता येत नाही. माणसाचा केस याच्या तिप्पट तरी जाड भरेल. लांबीही थोडकीच, बहुतेक तंतू तीन-चार सेंटिमीटरचे. तंतू आखूड म्हणून टोकं सुटतात आणि गोळे येतात. अंगावर खवले आहेत म्हणून ओला असताना चोळला की खवल्यात खवला अडकून नमदा होतो, म्हणजे विण गुंतून कापड घट्ट, जाडसर होतं. आणि तंतू प्रथिनाचा, म्हणून साबण निवडताना बाटलीची मागची बाजू वाचावी लागते.

साबण

रोजची कपडे धुण्याची पावडर इथे बाद, त्याला कारणं दोन. पहिलं म्हणजे तिचा पीएच १०च्या आसपास असतो. एवढ्या अल्कलीत लोकरीचा तंतू फुगतो, खवले उघडतात, तंतू कमजोर होतो आणि हाताला कोरडा, करकरीत लागतो. दुसरं कारण एन्झाइम. रक्त, अंडं, घाम असले प्रथिनांचे डाग तोडण्यासाठी पावडरीत प्रोटीएज घातलेलं असतं. त्याला अंड्याचं प्रथिन आणि बकरीच्या लवेचं प्रथिन यात फरक कळत नाही. एका धुण्यात भोक पडत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं काही झालं नाही. दहा-बारा धुण्यांनंतर कोपर उजेडासमोर धरलं की विणीतून पलीकडचं दिसायला लागतं.

बाटलीवर पुढे काय लिहिलंय याला फारसा अर्थ नाही. ‘सौम्य’, ‘नाजूक कपड्यांसाठी’ हे शब्द कोणीही छापतं. मागच्या यादीत ‘प्रोटीएज’ किंवा ‘सबटिलिसिन’ दिसलं तर बाटली परत ठेवा, दोन्ही एकाच घरातले. ऑक्सिजन ब्लीच किंवा परकार्बोनेट असलं तरी तेच. क्लोरीनचं ब्लीच तर लोकर चक्क विरघळवतं, त्याची बादलीही धुऊन घेतल्याशिवाय वापरू नये. काही पावडरींवर ‘एन्झाइमविरहित’ असं ठळक छापलेलं असतं. प्रोटीएज नसलं तरी अल्कली तशीच असते, त्यामुळे पावडर ती पावडरच. हवं ते द्रव, पीएच सातच्या जवळपास किंवा जरा खाली, आणि यादी जितकी छोटी तितकी बरी. फिक्या रंगाच्या स्वेटरसाठी चकाकी आणणारी द्रव्यं नसलेली बाटली बघावी. पांढऱ्या शर्टाला ती शोभतात, पण साईच्या रंगाच्या कॅशमिअरवर निळसर झाक आणतात.

खंगाळायला न लागणारे लोकरीचे शाम्पू हा वेगळा प्रकार. त्यातलं युकॅलन विणकाम करणाऱ्यांत चांगलं रुळलेलं आहे. चार लिटर पाण्याला एक चमचा, म्हणजे ५ मिली, स्वेटर किमान १५ मिनिटं बुडवून ठेवायचा, मग दाबून पाणी काढायचं आणि वाळत घालायचा. याचा मोठा गुण म्हणजे ओल्या स्वेटरची हाताळणी निम्म्यावर येते, आणि कॅशमिअरचं जे काही वाईट होतं ते बहुतेक ओलं असतानाच होतं. दोष असा, की मळ ज्या पाण्यात सुटला त्याच पाण्यातून कपडा बाहेर काढला जातो. दोन-तीनदा घातलेल्या स्वेटरला हे पुरतं. हिवाळाभर वापरलेल्या, काखेत घामाचा वास धरलेल्या स्वेटरला पुरत नाही. तिथे खंगाळावंच लागतं. त्यातल्या लॅनोलिनचं कौतुक जरा जपून करावं. लॅनोलिन हे मेंढीच्या लोकरीतलं मेण. बकरीच्या लवेत तेवढा तेलकटपणा मुळातच नसतो, त्यामुळे ‘गेलेलं तेल परत मिळतं’ हे मेंढीच्या जाड स्वेटरला लागू पडतं, इथे फारसं नाही. मापापेक्षा जास्त पडलं तर स्वेटर चिकटसर होतो आणि धूळ धरतो.

डोक्याला लावायचा साधा, पारदर्शक शाम्पू चालतो का? चालतो, आणि बऱ्याच महागड्या बाटल्यांइतका चांगला चालतो. केस काय आणि ही लव काय, दोन्ही केराटिनच. पाच लिटरला एक चमचा बस्स. फेस फार होतो म्हणून एक पाणी जास्त लागतं, एवढीच कटकट. ‘शाम्पू आणि कंडिशनर एकत्र’ असला प्रकार मात्र नको, त्यातलं सिलिकॉन तंतूवर बसतं. रिठ्याचं पाणीही आम्लाकडे झुकणारं असल्यामुळे तंतूला सोसतं, पण त्याची तपकिरी झाक फिक्या रंगावर उतरते. गडद स्वेटरलाच वापरा, तेही गाळून.

आता ती लांब ठेवायची वस्तू: फॅब्रिक सॉफ्टनर. कॅशमिअर मऊ राहावं म्हणून बहुतेकांना पहिली हीच आठवते. सॉफ्टनर तंतूवर गुळगुळीत थर देतो. थर बसला की तंतू एकमेकांना धरून राहत नाहीत, आखूड टोकं सहज बाहेर सरकतात आणि गोळे वाढतात. मऊपणा हवा असेल तर साबण पूर्ण निघेल एवढं बघावं. कडक झालेल्या स्वेटरात बहुतेक वेळा जुना साबणच बसलेला असतो, विशेषतः पाणी जड असेल तर. शेवटच्या पाण्यात चार लिटरला एक मोठा चमचा पांढरा व्हिनेगर घातला की तो सुटतो. वास वाळताना उडून जातो.

हाताने धुणं

आधी गोळे काढून घ्या, बटणं लावा, स्वेटर उलटा करा. आतल्या शिवणीवर ओलं पांढरं फडकं दाबून बघा. रंग लागला तर तो एकटाच धुवायचा. मग टेपने तीन मापं घ्या: काख ते काख, खांदा ते खालचा काठ, आणि बाहीची लांबी. हे माप वाळत घालताना लागतं आणि तेव्हा ते कोणालाच आठवत नसतं, म्हणून कागदावर लिहा.

एका स्वेटरला आठ ते दहा लिटर पाणी हवं, म्हणजे बादलीपेक्षा पसरट टब बरा. तापमान ३० अंश सेल्सियसपर्यंत. मनगटाच्या आतल्या बाजूला पाणी ना गरम ना गार लागलं की समजावं. साबण आधी पाण्यात ढवळून घ्यायचा, स्वेटर नंतर. स्वेटरवर थेट साबण ओतला तर तेवढ्या जागेतून तो निघता निघत नाही. मग तळव्यांनी खाली दाबायचं आणि सोडायचं, एवढंच. चोळायचं नाही, आपटायचं नाही, घासायचं नाही. कॉलरचा मळसुद्धा बोटांनी दाबूनच सोडवायचा. पाच मिनिटं पुरे. खंगाळायचं नसलेल्या शाम्पूला सांगितलेली पंधरा मिनिटं वेगळी. साध्या साबणात अर्धा तास भिजवून मळ जास्त निघत नाही, गडद रंग मात्र निघतो.

थंड पाण्यात गेला म्हणून आटला, असं सर्रास म्हटलं जातं. पाणी थोडं कमी-जास्त गरम झालं म्हणून लगेच नमदा होत नाही. उष्णता, अल्कली आणि घर्षण एकत्र आले की होतो, आणि त्यातही घर्षण हा मुख्य गुन्हेगार. तरी दोन्ही वेळचं खंगाळायचं पाणी त्याच उबेचं घ्यावं, कारण त्यात कष्ट काहीच नाहीत.

स्वेटर उचलताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो. अडीचशे ग्रॅमचा स्वेटर पाण्यातून निघताना किलोच्या घरात जातो, आणि ओली लोकर कोरड्यापेक्षा कमजोर असते. खांद्याला धरून उचलला की तो सगळा भार विणीवर येतो आणि लांबी जागच्या जागी वाढते. आधी पाणी सोडून द्या, स्वेटर टबाच्या भिंतीवर दाबा, मग दोन्ही हात खाली घालून गोळा करून उचला. नळाची धार थेट अंगावर नको. साबण निघाला का हे बघायचं तर मनगटपट्टी मुठीत दाबायची, कारण दुहेरी विणीत साबण शेवटपर्यंत लपून राहतो. तिथून येणारं पाणी स्वच्छ दिसलं की झालं.

मशीन आणि जाळीची पिशवी

लेबलावर टबात हात बुडवलेला दिसत असेल तर लोकरीचा प्रोग्रॅम असलेलं समोरून उघडणारं मशीन चालतं. त्या प्रोग्रॅममध्ये ड्रम पाळण्यासारखा हलकेच झुलतो आणि मध्ये बराच वेळ थांबतो. ‘नाजूक’ म्हणून जो प्रोग्रॅम असतो तो वेगळा. त्यात फिरणं जास्त असतं, आणि फिरणं म्हणजे घर्षण. ही गल्लत करून बरेच स्वेटर वाया जातात. मधोमध दांडा फिरणाऱ्या मशीनमध्ये कॅशमिअर घालूच नये. टबाच्या चित्रावर फुली असेल तर प्रश्नच मिटला, तो ड्रायक्लीनिंगला.

पिशवी घ्यायची तर बारीक जाळीची, चेनचं टोक झाकणारी, आणि स्वेटर घडी घालून नेमका बसेल एवढीच. मोठ्या पिशवीत तो आतल्या आत घोळत राहतो आणि पिशवीचा उपयोग संपतो. एका पिशवीत एकच. जीन्स, चेनवाली जाकिटं, टॉवेल यांच्याबरोबर तर नाहीच.

स्पिनला मात्र उगाच बदनाम केलंय. हाताने धुतलेला स्वेटर पिशवीत घालून ४०० ते ६०० फेऱ्यांवर एक मिनिट फिरवला तर तो ड्रमच्या भिंतीला चिकटून बसतो, घासत नाही. हाताने पिळण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित. पिळताना धाग्याला पीळ आणि ताण एकदमच बसतो. ड्रायर मात्र गरम हवेशिवायही नको, कारण त्यात कपडा आपटत राहतो.

वाळवणं: खर्च करायचा तो इथे

धुण्यात झालेली छोटी चूक वाळवताना सुधारता येते. वाळवण्यातली चूक तशीच वाळून बसते.

स्पिन नसेल तर जाड टॉवेल पसरून त्यावर स्वेटर सपाट ठेवा, दोन्ही एकत्र गुंडाळा आणि गुंडाळीवर तळव्यांनी किंवा गुडघ्याने भार द्या. टॉवेल ओला झाला की दुसरा कोरडा घेऊन पुन्हा. टॉवेल पांढरा किंवा फिका, नाहीतर त्याचा रंग स्वेटरवर येतो.

मग जाळी. बाजारात दोन प्रकार मिळतात. टांगायची गोल जाळी, कधी दोन-तीन मजली, स्वस्त आणि घडी होणारी. ओला स्वेटर ठेवला की ती मधोमध झोळीसारखी खाली येते, बाह्या आत दुमडाव्या लागतात, आणि स्वेटर वाडग्याच्या आकारात वाळतो. स्कार्फ, टोपी, हातमोजे यांना ठीक. स्वेटरला पायांवर उभी राहणारी, चौकटीवर ताणून बसवलेली जाळी हवी, बाजू किमान ७० ते ७५ सेंटिमीटर. घेताना मधोमध तळहाताने दाबून बघा. दाबली की लगेच खोल गेली तर नको. तारांच्या स्टँडवर वाळवायचं असेल तर खाली टॉवेल घाला, नाहीतर पाठीवर तारांचे आडवे वळ उठतात.

जाळीवर ठेवल्यावर लिहून ठेवलेली मापं काढा. टेप धरून रुंदी, लांबी, बाही जागेवर आणा. ओढून नाही, तळव्याने थोपटत. काठाची आणि मनगटाची उभी विण ओली असताना पसरलेली असते. तिच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी बोटांनी एकमेकींजवळ ढकलायच्या, हार्मोनियमचा भाता मिटल्यासारख्या. या अर्ध्या मिनिटाच्या कामावर पुढच्या धुण्यापर्यंत मनगट घट्ट राहणार की भोंग्यासारखं उघडणार हे ठरतं. कॉलरचंही तसंच.

ऊन नको, हीटर नको. उन्हात फिके रंग पिवळे पडतात आणि गडद विटतात. पंखा उत्तम. साधारण बारा तासांनी उलटून ठेवायचा. पूर्ण वाळायला एक ते दोन दिवस लागतात. छाती-पाठ वाळली म्हणून फसू नका, काखेची शिवण आणि दुहेरी काठ दाबून बघा. हँगर ओल्याला तर नाहीच, कोरड्यालाही नाही. खांद्यावर शिंगं येतात. सुरकुत्या असतील तर लोकरीच्या खुणेवर इस्त्री ठेवून कपड्यापासून एक-दोन सेंटिमीटर वर धरायची आणि वाफ सोडायची, टेकवायची नाही. म्हणून वाफेचं वेगळं यंत्र घेण्यासारखं कारण नाही.

गोळे: कंगवा की यंत्र

गोळे आले म्हणजे माल खोटा, हा समज काढून टाका. कॅशमिअरला पहिल्या चार-पाच वेळा घातल्यावर गोळे येणारच, विशेषतः काखेत, बाहीच्या खालच्या बाजूला आणि पिशवीचा पट्टा घासतो तिथे. सुटे आखूड तंतू संपले की ते कमी होतात. पाच-सहा धुण्यांनंतरही तेवढेच येत असतील तर सूतच आखूड तंतूंचं किंवा सैल पिळाचं आहे, आणि त्याला कुठलीही बाटली उपाय नाही. दुकानात हाताला लोण्यासारखा लागणारा स्वेटर पुष्कळदा याच जातीचा निघतो. दुपदरी, घट्ट विणीचा स्वेटर सुरुवातीला जरा कोरडा लागतो आणि धुण्यागणिक फुलत जातो.

बोटांनी गोळा उपटू नये. गोळ्याला धाग्याशी बांधणारे दोन-चार लांब तंतू असतात. उपटताना ते आणखी बाहेर ओढले जातात आणि त्याच जागी पुढचा गोळा तयार होतो. तो कापला गेला पाहिजे.

बारीक विणीच्या स्वेटरला कंगवा यंत्रापेक्षा बरा. दात बारीक आणि जवळजवळ असलेला घ्या. मेंढीच्या जाड लोकरीसाठीचा मोठ्या दातांचा कंगवा इथे विण ओढतो. स्वेटर पूर्ण कोरडा, टेबलावर सपाट, एका हाताने कापड हलकं ताणून धरलेलं. कंगवा उभ्या विणीच्या दिशेने, तीन-चार सेंटिमीटरच्या छोट्या फटक्यांनी, एकाच बाजूला. खसखस असा बारीक आवाज येतो तोवर ठीक. कंगवा अडला तर तिथेच उचला, पुढे रेटू नका. दातांत गोळ्यांऐवजी मऊ, सलग कापूस यायला लागला की थांबा. गोळे संपलेत, आता स्वेटरच विंचरला जातोय.

विजेचं यंत्र झटपट काम करतं आणि तितक्याच झटपट भोकही पाडतं. जाळीच्या छिद्रातून गोळा आत येतो आणि पातं त्याला कापतं. पण कापडाला सुरकुती असेल किंवा यंत्र दाबून धरलं असेल तर विणीचा टाकाही त्याच छिद्रातून आत जातो. उंची कमी-जास्त करायची कडी नसलेलं यंत्र घेऊच नये. कडी सगळ्यात वरच्या खुणेवर ठेवून सुरुवात करा, खाली टणक पृष्ठभाग ठेवा, यंत्र नुसतं टेकवून गोल फिरवा. शिवण, काठ, काज यांच्यावर नको. कप्पा भरला की रिकामा करा, नाहीतर पातं कापायचं सोडून ओढायला लागतं. जाड विणीच्या, खूप गोळे आलेल्या बाहीला यंत्र सोयीचं. पातळ स्वेटरला त्याची गरज नाही. गोळे काढायचा दगडही मिळतो, तो कॅशमिअरला फार खरखरीत.

ठेवणं

कसर स्वेटर खाते तेव्हा पतंग खात नसतो, त्याची अळी खाते. घाम, त्वचेचा कण, सांडलेलं अन्न यांच्याकडे ती आधी वळते. म्हणून हंगाम संपल्यावर धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणं हाच खरा बंदोबस्त. देवदाराच्या ठोकळ्यांचा वास महिन्या-दोन महिन्यांत मावळतो आणि मग तो नुसता लाकडाचा तुकडा. डांबर गोळ्यांची वाफ माणसालाही अपायकारक, शिवाय लोकरीत मुरलेला तो वास दोन धुण्यांतही जात नाही. चिकट सापळे फक्त नर पतंग पकडतात. त्यांनी कसर थांबत नाही, पण ती घरात आहे हे कळतं, तेवढ्यापुरते ठेवायला हरकत नाही. शंका आली तर स्वेटर पिशवीत बंद करून −१८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर दव स्वेटरवर धरतं.

राहिली आटलेला स्वेटर सैल करणारी बाटली. केसांचं कंडिशनर कोमट पाण्यात कालवून त्यात अर्धा तास बुडवलं की तेच काम होतं, ती वेगळी घेऊ नका. मग टॉवेलात दाबून, जाळीवर हळूहळू मापाला आणायचा. दोन-अडीच सेंटिमीटर आटलेला असेल तर बराचसा परत येतो. आधी मात्र स्वेटर उजेडात धरून विण बघा. टाके वेगवेगळे दिसत असतील तर प्रयत्न करण्यात अर्थ आहे. टाके पुसून कापड सलग, जाडसर दिसत असेल तर तो नमदा झाला, आणि तो उलगडत नाही. तो कात्रीने कापला तरी उसवत नाही, त्यामुळे बाह्यांचे पायमोजे आणि अंगाचं गरम पाण्याच्या पिशवीचं कव्हर छान होतं.